मध्यंतराला उठलेला माणूस

शिरोडा,
१९ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय बाय अपेक्षा,

फोन करायचा सोडून बाबा पत्र कसलं लिहितात, असं तुला वाटेल. फोन दोनदा हातात घेतला होता. पण फोनवर मी मध्ये बोलतो, हे तुला आधीपासून माहीत आहे आणि मला आत्ता कुठे कळलंय. कागदावर मला मध्ये बोलता येत नाही. तू फक्त एक कर, हे अर्ध्यावर बाजूला ठेवू नकोस. का, ते पुढे येईल.

तुझ्या त्या फोनला आज महिना आणि चार दिवस झाले. तू चेन्नईच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचं सांगायला लागलीस, समर्थ आणि त्याचे बाबा कौस्तुभराव पुण्यातच राहतील म्हणालीस, आणि मी "नको बाय, घर मोडतला" म्हणून मोकळा झालो. तू म्हणालीस, "बाबा, पुढचं ऐका तरी." मी म्हटलं, ऐकलं सगळं. चुलीवर पेज उतू जात होती, हे खरं आहे. पण पेज काही त्याच दिवशी पहिल्यांदा उतू गेली नव्हती. तेव्हापासून सकाळी तुझा निरोप येतो, "गोळी घेतली का". मी "घेतली" लिहितो. एवढ्यावर आपलं दोघांचं बोलणं संपतं. रविवारी समर्थ बोलतो, पण त्याच्यामागे घरात तुझे भांडी लावल्याचे आवाज येतात आणि तू काही फोनवर येत नाहीस.

इकडचं म्हणशील तर सगळं जागच्या जागी आहे, आणि तेच जड जातं. पेज अजून दोघांची होते. माप हातात बसलंय, ते काही केल्या कमी होत नाही. उरलेली संध्याकाळी मीच खातो. पाडेली येऊन नारळ पाडून गेला, ते ओट्यावर तसेच पडलेत. दुपार मात्र फार लांब असते गो. मे महिन्यात आलीस तेव्हा फोनवर सिनेमे कसे लावायचे ते तू दाखवून गेलीस, ते बरं केलंस. रोज एक बघतो. पण खरं सांगू? सिनेमा संपतो आणि मी त्याच खुर्चीत असतो. परतीची वाटच नसते. आणि परतीच्या वाटेशिवाय सिनेमा बघण्यासारखा होता की नव्हता, हे मला ठरवता येत नाही.

याचं कारण तुला अर्धंमुर्धं ठाऊक असेल. तू लहान होतीस तेव्हा मी सावंतवाडी गाडीवर कंडक्टर होतो. सोमवारी माझी गाडी सावंतवाडीत, म्हणजे वाडीला, पावणेतीनला पोचायची आणि पाचला सुटायची. मंगळवारी चारला पोचून साडेसहाला. थिएटरचा डोअरकीपर बाबली माझा दोस्त. तो मला मागच्या दाराशी उभं राहू द्यायचा आणि त्याच्या बदल्यात मी नव्या सिनेमाची पोस्टरं गाडीतून शिरोड्याला आणून नाक्यावर चिकटवायचो. सोमवारी तीनच्या खेळाचा पहिला अर्धा भाग, मंगळवारी त्याच खेळाचा दुसरा. असा दोन दिवसांत मिळून माझा एक सिनेमा पुरा व्हायचा. मध्यंतराला नायकाला ज्या खड्ड्यात सोडून मी डबल घंटी द्यायचो, त्याच खड्ड्यात तो दुसऱ्या दिवशी चारपर्यंत माझी वाट बघत असायचा.

मंगळवारी संध्याकाळी गाडी नाक्यावर लागली की आपल्या शिरोड्यातल्या बायका उभ्याच असायच्या. घर सोडून, पोरं कोणाच्या तरी गळ्यात घालून वाडीपर्यंत जायचं म्हणजे आठवड्याचा बेत असायचा. तो फुकट जाऊन चालत नसे. म्हणून आधी मला विचारायच्या, "गुरू, बघण्यासारखो आसा काय रे?" मी "आसा" म्हटलं की रविवारी माझी गाडी भरायची. "नाय" म्हटलं की कोणी हलायचं नाही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण वीसेक वर्षं आख्ख्या गावाने काय बघावं ते मी ठरवलं. डोक्यात थोडी हवा गेलीच होती.

पण माझी खरी परीक्षा रविवारी परतीच्या गाडीत व्हायची. साडेसहाला गाडी सुटली की मी तिकिटं देत फिरायचो आणि कान उघडे ठेवायचो. मारामारीच्या सिनेमानंतर गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आत बांगड्यांवर बोलणं सुरू व्हायचं. रडक्या सिनेमानंतर नाकं पुसत, एकमेकींना चिमटे काढत वाटेतल्या मळेवाडपर्यंत यायच्या, मग तिथून कोणाच्या तरी सुनेचा विषय निघायचा. तेव्हा मला कळलं, रडवणं काही फार मोठं नव्हे. एकदा एक साधाच सिनेमा आला होता. म्हातारा आपली हरवलेली म्हैस शोधत गावभर फिरतो, बस, एवढीच गोष्ट. मी भीत भीत "आसा" म्हटलं होतं. त्या रविवारी मळेवाड गेलं, आजगाव गेलं, गाडीत कोणी बोलेना. आजगावच्या उतारावर आपली आनंदीबाई एवढंच म्हणाली, "सकाळी म्हशीवर उगाच वराडलंय गो." आणि परत गप्प. त्या दिवसापासून मी माझं माप पक्कं केलं. गाण्यांवर नाही, नटनट्यांवर नाही. गाडी कुठे येईतो माणसं गप्प राहतात आणि मग पहिलं वाक्य पडद्यावरच्या माणसाबद्दल बोलतात की स्वतःबद्दल, ते बघायचं. माझ्या हिशेबी सिनेमे मळेवाडपर्यंतचे असत, आजगावपर्यंतचे असत. शिरोड्यापर्यंतचा असा एकच झाला, त्याच्याकडे आता येतोच आहे.

आता एकटा बघतो म्हणून हेही करून बघितलं बाय. सिनेमा संपला की फोन खिशात टाकून मिठागराच्या बांधापर्यंत चालत जायचं, आणि आपण कुठपर्यंत गप्प राहतो ते बघायचं. पण एकट्याची शांतता मोजता येत नाही. चांगल्या सिनेमानंतरही मी गप्पच असतो, आणि वाईट सिनेमानंतरही.

आता मूळ गोष्ट. नागपंचमीच्या आधी फडताळ साफ करायला घेतलं. तुझी आई गेल्यापासून खालच्या खणाला हात लावला नव्हता. लोणच्याच्या बरण्या काढल्या, खाली अंथरलेला कागद ओढला, तर तो नुसता कागद नव्हता, पोस्टर होतं. तोंड खाली करून अंथरलेलं, त्यामुळे रंग तसेच राहिलेले. एक बाई हातात ट्रंक घेऊन उंबऱ्याबाहेर पाय टाकतेय, आणि मागे दारात चारपाच वर्षांचं पोर. मी बघताक्षणी ओळखलं. मी नाक्यावर न चिकटवलेलं ते एकमेव पोस्टर. ते मी घरी आणून माळ्यावर फेकलं होतं. तिने ते तिथून कधी काढलं, कधी आपल्या खणात अंथरलं, मला पत्ता नाही. एकोणचाळीस वर्षं ते माझ्याच घरात होतं, त्यातली कितीतरी रोजच्या लोणच्याखाली.

तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. आईला नर्सच्या शिक्षणासाठी रत्नागिरीला दीड वर्ष जायचं होतं. शाळेतल्या डोरथीबाईंनी तिला फॉर्म आणून दिला होता, निवडही झाली होती, फक्त माझ्या सहीचा कागद उरला होता. मी हो म्हणत नव्हतो आणि नाहीही म्हणत नव्हतो. नुसतं "बघूया" म्हणायचो. आणि नेमका त्याच आठवड्यात तो सिनेमा लागला. सोमवारी मागच्या दाराशी उभा राहून मी पहिला अर्धा भाग बघितला. लहान गाव, बाईला शिकायला बाहेर जायचंय, नवरा ओरडतो, सासू रडते, आणि ती एक दिवस ट्रंक उचलून पोराला मागे ठेवून निघते. तिथे मध्यंतर. मी गाडीवर आलो. वाटलं, कोणी तरी माझ्या घरात डोकावून हा सिनेमा काढलाय.

मंगळवारी चारला पोचलो. साडेसहापर्यंत वेळ होता. बाबलीने दार उघडून धरलं होतं. मी गेलो नाही. कॅन्टीनमध्ये दोन चहा घेतले, आणि गाडीच्या टपावरचे टायर बघत बसलो. संध्याकाळी नाक्यावर बायकांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, नाय, बघण्यासारखो नाय, घर मोडणारो पिक्चर आसा. बायकांनी विश्वास ठेवला. त्या रविवारी माझ्या गाडीत नुसती पोती होती.

त्याआधी, त्याच आठवड्यात बुधवारी तुझी आई डोरथीबाईंसोबत वाडीला गेली होती. डोरथीबाईंचा चष्मा करायचाय, तुला आजीकडे ठेवलंय, असं सांगून. परत माझ्याच साडेसहाच्या गाडीने आल्या. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीशी आई, कडेला डोरथीबाई. मी तिकिटं दिली. मळेवाड गेलं. डोरथीबाई म्हणजे एरवी गाडीत बसल्यापासून तोंडाला खंड नाही, त्याही गप्प. आजगाव गेलं. शिरोडा आला, दोघी उतरल्या, आई घरी आली, चूल पेटवली, तुला भरवलं, आणि तोवर तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. मी म्हटलं डोकं दुखतंय का, आणि कपाटातून बाम काढून दिला. वीस वर्षं गाडीतली शांतता मोजणारा मी, आणि ती माझ्या घरात आली तेव्हा मी तिला बाम दिला.

मग भात वाढताना तिने मला विचारलं, "तो पिक्चर पुरो बघलात काय ओ?" मी मान वर न करता म्हटलं, "बघलंय." तिने "बरा" म्हटलं. रत्नागिरीचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. मी समजलो, तिचं तिलाच पटलं. सहीचा कागदही कुठे गेला ते मी विचारलं नाही.

पुढे मात्र अधूनमधून, चारपाच वर्षांतून एकदा, काही कारण नसताना ती तेच विचारायची. तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी विचारलं होतं. तुझं लग्न लागलं, मांडव उतरला, त्या दिवशीही विचारलं. मला ती थट्टा वाटायची. तू एकदा हसून म्हणाली होतीस, आई त्या एका सिनेमाला धरून का बसलीय. शेवटचं विचारलं ते गेल्या आश्विनात, अंगणात साठवणीची कोकमं उन्हात घालताना. मी म्हटलं, "कितीदा सांगू, बघलंय." ती हसली आणि कोकमं पसरत राहिली. कार्तिकात ती गेली.

तर पोस्टर घेऊन मी डोरथीबाईंकडे गेलो. त्या आता अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघ्यांनी बसलेल्या, पण जीभ तशीच. मला बघून म्हणाल्या, वर्षाने आठवण झाली होय रे कंडक्टर. मग पोस्टर बघितलं. म्हणाल्या, "तू अजून पुरो बघूक नाय, मरे?" मला खोटं बोलवेना. मान हलवली. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या बुधवारी दोघी तीनच्या खेळाला बसल्या होत्या. पहिल्या अर्ध्यात सुभद्रा, तुझी आई, ओठ चावत होती. मध्यंतरानंतर मात्र हसायला लागली, पदर तोंडात धरून हसत होती. बाहेर येताना डोरथीबाईंचा हात दाबून म्हणाली, "हेंनी पुरो बघल्यानी तर माका जावक देतले." म्हणून गाडीत ती गप्प होती. घरी जाऊन कसं विचारायचं ते मनात जुळवत होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येऊन तिने डोरथीबाईंना सांगितलं, ह्यांनी पुरा बघितलाय म्हणे. पुरा बघूनही नको म्हणत असतील, तर मग आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही. आणि फॉर्म परत दिला.

मी "अर्धाच बघितला" असं खरं सांगितलं असतं ना बाय, तर ती भांडली असती. मला हाताला धरून घेऊन गेली असती. तिला मी नको म्हणून नाही अडवलं. मी "बघलंय" म्हणून अडवलं. डोरथीबाई म्हणाल्या, तिला पुढे पुढे संशय यायला लागला होता. म्हणून विचारायची. दर वेळी मला एक दार उघडून द्यायची, बाबलीसारखं, आणि मी दर वेळी कॅन्टीनला जायचो.

घरी आलो आणि तू शिकवलंस तसं फोनवर सिनेमाचं नाव बोललो. सापडला. चित्र खराब, आवाज फाटका. मध्यंतर शोधून तिथून पुढे लावला. काय आहे माहीत आहे त्या दुसऱ्या अर्ध्यात? नवरा आहे. बाई फारशी नाहीच. तो आहे, आणि ते पोर. तो पेज करपवतो. पोरीच्या वेण्या घालायला बसतो तर एक कानावर, एक मानेवर. शाळेतली पोरं हसतात, तर तो शेजारणीकडे जाऊन सुतळीच्या तुकड्यावर वेणी शिकतो. सासू आधी रुसते, मग हळूच त्याला मिठाचा अंदाज सांगते. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन तो बायकोच्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभा असतो, आत जायला लाजतो. आणि शेवटी ती परत येते, तेव्हा गाडीच्या पायरीशी जाऊन तो तिच्या हातातली ट्रंक घेतो. संपलं. मी ज्याला घर मोडणारा सिनेमा म्हटलं, त्यात घर मोडतच नाही गो. ते घर चालवायला एक माणूस शिकतो, एवढंच. तो सिनेमा तुझ्या आईसाठी नव्हताच. माझ्यासाठी होता. ती एवढी हसली ती त्या वेण्यांना. तुझ्या वेण्या तिला दिसल्या असतील. वाकड्या आल्या असत्या, पण घातल्या असत्या मी. आता हे सांगायला सोपं आहे, तेही मला कळतं.

त्यानंतर बांधापर्यंत चालत गेलो. येताना आनंदीबाईच्या घरावरून यावं लागतं. ती ओट्यावर बसली होती, काय रे गुरू, खंय गेलेलंस, म्हणाली. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "माझा चुकला गो." ती बिचारी गोंधळली. म्हणजे माझ्याच मापाने तो सिनेमा शिरोड्यापर्यंतचा ठरला. तुझ्या आईचाही आणि माझाही. मधे एकोणचाळीस वर्षं गेली एवढंच.

हे सगळं तुला का लिहितो आहे ते आता सांगतो. त्या दिवशी फोनवर तू मला पहिला अर्धा भाग सांगितलास. चेन्नई, दोन वर्षं, पोर पुण्यात. आणि मी मध्यंतराला उठून निकाल देऊन टाकला, शब्दही तोच, घर मोडतला. कौस्तुभराव काय म्हणतात, समर्थ काय म्हणतो, तुला त्यातून पुढे काय करायचंय, तुला स्वतःला भीती वाटते का, हे काहीच मला माहीत नाही. म्हणून "जा" असंही मी लिहीत नाही. तोही अर्ध्यावरचाच निकाल होईल, आणि माझ्या पश्चात्तापासाठी तू कुठे जावंस असं नको. फक्त माझा तो "नको" मागे घेतो. आणि पुन्हा कधी विचारलंस, ऐकलं का सगळं, तर ऐकल्याशिवाय हो म्हणणार नाही. तुला जमेल तेव्हा फोन कर, किंवा चतुर्थीला येशील तेव्हा ओट्यावर बसून सांग. पेज आधीच उतरवून ठेवीन. "पुढचं ऐका" म्हणाली होतीस ना, तिथून सुरू कर. कितीही वेळ लागू दे. मला आता कुठलीही गाडी सोडायची नाही.

तुझाच,
इथेच बसून असलेला,
बाबा